वर्गणी भरली, अंक कुठं आहेत?

शेतात सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की महाविद्यालयाच्या ग्रंथपालानं पुढच्या वर्षीच्या नियतकालिकांची यादी टेबलावर घ्यावी. कपाशीचा पहिला वेचा घरात येईपर्यंत मागणीपत्रं रवाना झालेली असावीत. एवढं वेळापत्रक चुकलं की पुढं कितीही पैसे घातले तरी खंड, म्हणजे वर्षभराच्या अंकांचा संच, पूर्ण होत नाही.

जर्नलचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. महाविद्यालयाच्या पैशाचं वर्ष एप्रिल ते मार्च. विदर्भातल्या दारव्हा, चिमूर, मेहकर, कुरखेडा अशा तालुक्याच्या गावांतल्या ग्रंथालयांचे अंक या दोन वर्षांच्या सांध्यात हरवतात. खापर पोस्टावर फुटतं, चूक मात्र बरेचदा तारखेची असते. मार्च एंडला शिल्लक रक्कम दिसते, घाईघाईनं वर्गण्या भरल्या जातात, आणि प्रकाशक पैसे मिळाले त्या महिन्यापासून नाव चढवतो. जानेवारी ते मार्चचे अंक तोवर संपलेले असतात. तो खंड जन्मतःच अपुरा राहतो.

म्हणून ऑगस्टमध्ये विभागांकडून लेखी मागणी घ्यावी. ती घेतानाच मागच्या वर्षी ते जर्नल किती वेळा वाचलं गेलं, हेही समोर ठेवावं. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. अंकाच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी डकवावी आणि परिचरानं टेबलावरचा अंक परत जागेवर ठेवताना तिच्यावर एक रेघ ओढावी. वर्षअखेरीस रेघा मोजल्या की वाद मिटतो. सप्टेंबरात ग्रंथालय समितीची सभा घ्यावी. इतिवृत्तात प्रत्येक नियतकालिकाचं नाव, रक्कम आणि कालावधी स्वतंत्र लिहावा, कारण ‘नियतकालिके घेण्यास मंजुरी’ असा मोघम ठराव ऑडिटमध्ये अडतो. ऑक्टोबरात मागणीपत्र, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पैसे, आणि डिसेंबरात एक फोन: नाव चढलं का?

मागणीपत्रात ‘एक वर्षाची वर्गणी’ असं कधीही लिहू नये. ‘खंड ४२, अंक १ ते १२, जानेवारी ते डिसेंबर २०२७’ असं लिहावं. सोबत आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, द्यावा, कारण सारख्या नावाची जर्नलं ढिगानं आहेत. पत्त्यात गावाबरोबर पोस्ट ऑफिसचं नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड हवाच. एकाच नावाची गावं शेजारशेजारच्या जिल्ह्यांत असतात आणि पिनकोडचा एक आकडा चुकला की अंक दुसऱ्याच तालुक्यात फिरत राहतो.

कार्यालयातले बाबू इथं दोन हरकती हमखास घेतात. पहिली, तीन दरपत्रकं कुठं आहेत? जर्नलला प्रकाशक एकच असतो, त्यामुळं तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता इथं लागू पडत नाही. मध्यस्थ एजंट दोन-तीन असतील तर त्यांची सूट आणि सेवाशुल्क तेवढं ताडून बघता येतं. फाइलला प्रकाशकाचा त्या वर्षाचा छापील किंवा संकेतस्थळावरचा दर लावावा. दुसरी हरकत, माल येण्याआधी पैसे का दिले? वर्गणी आगाऊच भरावी लागते, जगभर हीच रीत आहे. पण म्हणूनच नंतरचा पुरावा घट्ट हवा: मागणीपत्र, बिल, पावती आणि वर्ष संपल्यावर ‘१२ पैकी १२ अंक प्राप्त’ असा ग्रंथपालाच्या सहीचा दाखला. हा चौथा कागद लावायचा राहून जातो आणि नेमका तोच मागितला जातो.

मराठी नियतकालिकांना पैसे पाठवताना आणखी एक काळजी घ्यावी. पूर्वी मनीऑर्डरच्या कुपनावर नाव-पत्ता लिहून जायचा. आता एनईएफटी केली की तिकडं खात्यात नुसती रक्कम उमटते. ती कोणत्या महाविद्यालयाची, हे एक-दोन माणसांवर चालणाऱ्या संपादकीय कार्यालयाला कळायला मार्ग नसतो. पैसे गेले त्याच दिवशी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम, अंकाचा कालावधी आणि पूर्ण पत्ता ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि त्याची प्रत फाइलला लावावी.

आजीव वर्गणी संस्थेनं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ग्रंथपाल निवृत्त होतो, पावती कपाटात गडप होते, मासिकाचं व्यवस्थापन बदलतं, आणि अंक गुपचूप बंद होतात. तक्रार कशाच्या आधारावर करणार? छोट्या पण वेळेवर निघणाऱ्या त्रैमासिकाची तीन वर्षांची वर्गणी चालेल. दर थोडा कमी पडतो आणि त्यांनाही कागदासाठी हातात पैसा मिळतो.

प्राध्यापकाच्या नावानं स्वस्तातली वैयक्तिक वर्गणी भरून अंक ग्रंथालयात ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती मोडावी. बहुतेक प्रकाशकांच्या अटींत ते बसत नाही, आणि व्यवहारातही अंक प्राध्यापकांच्या घरी जातात, दाखल होत नाहीत, त्यांची बदली झाली की त्यांच्याबरोबर जातात.

एजंटामार्फत वर्गण्या भरल्या तर त्यानं पैसे प्रकाशकाला खरोखर पोचवले, याचा पुरावा महिन्याभरात मागावा. २०१४ मध्ये स्वेट्स ही नेदरलँड्समधली जुनी, मोठी वर्गणी-कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि जगभरच्या ग्रंथालयांनी आगाऊ दिलेला पैसा अडकला. कंपनी कितीही मोठी असो, मधल्या हातात पैसे राहतात तोवर ते धोक्यातच असतात.

कराचं थोडक्यात. छापील नियतकालिकांवर जीएसटी नाही. ऑनलाइन शैक्षणिक जर्नलांवर पदवी देणाऱ्या शिक्षणसंस्थांना जानेवारी २०१८ पासून सूट आहे. बिलात १८ टक्के लावलेले दिसले तर आकारणी नेमकी कशावर आहे, जर्नलांवर की सेवेवर, हे विचारूनच बिल पास करावं.

आता कार्डेक्स, म्हणजे आलेल्या अंकांची नोंद ठेवायची कार्डं. संगणकावर सोल किंवा कोहा ही ग्रंथालयाची प्रणाली असली तरी कागदी कार्ड मी सुचवतो, कारण वीज गेलेली असतानाही पोस्टमन येतोच. कार्डावर वर नाव, प्रकाशक, आयएसएसएन, मागणीपत्राचा क्रमांक, पैसे भरल्याची तारीख आणि वर्गणी संपण्याचा महिना. खाली बारा चौकटी. प्रत्येक चौकटीत अंक हाती आल्याची तारीख लिहायची, नुसती बरोबरची खूण करायची नाही. मासिक दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास येत असेल आणि २५ तारखेला चौकट कोरी दिसली तर त्याच दिवशी स्मरणपत्र पाठवायचं. बरेच मोठे प्रकाशक हरवलेला अंक ठरावीक मुदतीतच पुन्हा पाठवतात. छोट्यांकडं शिल्लक प्रती असतील तोवरच मिळतो. सहा महिन्यांनी पाठवलेलं स्मरणपत्र हे नुसतं दुःख व्यक्त करणं झालं.

मराठी मासिकांचं एक वैशिष्ट्य कार्डावर सांभाळावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दिवाळी जोडअंक निघतो. दोन चौकटींवर आडवी रेघ ओढून ‘जोडअंक’ असं लिहिलं नाही तर दहा वर्षांनी कुणीतरी कधीच न निघालेला नोव्हेंबरचा अंक शोधत बसतं. काही नियतकालिकं खंड-अंकाबरोबर सलग अंक क्रमांकही छापतात. तोही नोंदवावा. खंडाचा आकडा छापताना संपादकांकडूनच चुकतो, सलग क्रमांकावरून ती चूक पकडता येते.

उन्हाळी सुटीत फाटक बंद असतं आणि टपाल परत जातं. एप्रिलअखेरीस गावच्या पोस्टमास्तरांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्यावं: सुटीत अमुक कर्मचारी दर सोमवारी टपाल घेऊन जाईल. एका पत्रानं दोन महिन्यांचे अंक वाचतात.

ऑनलाइन जर्नलांचा हिशोब वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गांधीनगरमधल्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालणारी एन-लिस्ट ही ई-जर्नलं आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना २०१० पासून महाविद्यालयांसाठी आहे. आयोगाच्या कायद्यातल्या २(एफ) आणि १२(बी) या मान्यतेच्या आणि अनुदानपात्रतेच्या कलमांखालच्या अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला ५,००० रुपये आणि जीएसटी धरून ५,९०० रुपयांत सहा हजारांवर ई-जर्नलं आणि लाखाहून अधिक ई-पुस्तकं मिळतात. विनाअनुदानित महाविद्यालयांना शुल्क बरंच जास्त आहे. ५,९०० रुपयांत याहून मोठा खजिना तालुक्याच्या ठिकाणी दुसरा नाही. तरी तो बरेचदा उघडलाच जात नाही.

कारण दाराची किल्ली वाटली जात नाही. इथं प्रवेश प्रत्येकाच्या स्वतंत्र वापरकर्ता-नावानं आणि पासवर्डनं होतो. ग्रंथपालानं नावांची यादी चढवायची, मग प्रत्येकाच्या ईमेलवर तपशील जातो. ईमेल लिहिताना एक अक्षर चुकतं, किंवा पत्र स्पॅममध्ये पडतं, किंवा विद्यार्थ्यानं प्रवेश अर्जावर सायबर कॅफेवाल्याचाच ईमेल दिलेला असतो. मग सोय म्हणून एकच नाव-पासवर्ड फळ्यावर लिहिला जातो. एका नावावरून एकाच वेळी ढिगानं लेख उतरवले गेले की प्रकाशकाची यंत्रणा त्याला चोरी समजते आणि प्रवेश बंद करते. त्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये वर्गवार अर्ध्या तासाचा तास घ्यावा, मुलांच्या मोबाइलवर तिथंच पहिला प्रवेश करून घ्यावा, आणि एक लेख उतरवूनच त्यांना जाऊ द्यावं. उत्तीर्ण होऊन गेलेल्यांची नावं जूनमध्ये काढावीत. वापराचे आकडे महिन्याला बघावेत. वर्षात ११८ लेख उतरवले गेले तर एक लेख ५० रुपयांना पडला, ५९० उतरवले गेले तर १० रुपयांना. रक्कम तीच राहते, फरक त्या अर्ध्या तासाचा असतो.

देशभरच्या संस्थांसाठी केंद्रानंच जर्नलांची एकत्रित वर्गणी भरायची, अशा ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. मात्र पहिल्या टप्प्याच्या व्याख्येत केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था येतात. विदर्भातली बहुसंख्य ग्रामीण महाविद्यालयं शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. पगार सरकारचा असला तरी व्यवस्थापन संस्थेचं. आपण यात आहोतच असं गृहीत धरून एन-लिस्टचं नूतनीकरण थांबवू नये. योजनेच्या यादीत महाविद्यालयाचं नाव प्रत्यक्ष बघावं, मगच निर्णय घ्यावा.

आणि इथं खरा मुद्दा येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. छापील अंक विकत घेतला की तो ग्रंथालयाचा होतो. ऑनलाइन वर्गणीत आपण फक्त बघण्याची परवानगी घेतो. वर्गणी थांबली की मागची वर्षंही बंद होऊ शकतात. मोठी विद्यापीठं करारात ‘वर्गणी थांबल्यावरही भरलेल्या वर्षांचे अंक खुले राहतील’ असं कलम घालून घेतात. प्रकाशक बंद पडला तर लेख जिवंत राहावेत म्हणून लॉक्स, क्लॉक्स, पोर्टिको अशा व्यवस्था उभ्या आहेत, ज्यांत जर्नलांच्या प्रती प्रकाशकाच्या संगणकाबाहेर जपल्या जातात. सामूहिक योजनेतून वाचणाऱ्या महाविद्यालयाला या करारात बोलायला जागा नसते. म्हणून ‘ऑनलाइन आहे’ एवढ्यावर छापील वर्गणी तोडण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: ऑनलाइन अंक कोणत्या वर्षापासून आहेत, ताजे अंक उशिरानं उघडतात का, आणि योजना संपली तर काय उरतं. जर्नलांची यादी दर वर्षी बदलते. जानेवारीतली यादी उतरवून तारखेसह जपून ठेवावी.

जे मुळात फुकट आहे त्यावर पैसे घालू नयेत. बेंगळुरूहून १९३२ पासून निघणारं ‘करंट सायन्स’, भारतीय विज्ञान अकादमीचं विद्यार्थ्यांसाठीचं ‘रेझोनन्स’, हे दोन्ही संकेतस्थळावर खुले आहेत. बीएस्सीच्या मुलांना ‘रेझोनन्स’ची गोडी लावणं हे कोणत्याही महागड्या जर्नलपेक्षा मोलाचं काम आहे.

याउलट, आपला लेख छापून आला म्हणून त्या जर्नलची संस्थात्मक वर्गणी भरा, असा आग्रह प्राध्यापकांकडून येतो. तिथं नम्रपणे नाही म्हणावं. आयएसएसएन हा फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये सुरू केलेली दर्जेदार जर्नलांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता पारख महाविद्यालयानंच करायची आहे. ‘सात दिवसांत प्रकाशन’ असं आश्वासन, शेतीपासून संस्कृतपर्यंत सगळे विषय एकाच अंकात, आणि संपादक मंडळातल्या लोकांच्या विद्यापीठाच्या पानावर त्याचा उल्लेखच नसणं, या तीन खुणा दिसल्या की तो विषय समितीपुढं नेऊच नये.

असा वाचलेला पैसा कुठं घालावा? मराठी नियतकालिकांत. केंब्रिजचं जर्नल आपण नाही जपलं तरी कुणीतरी जपेल. विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’, जिल्ह्याच्या इतिहासावरची अनियतकालिकं, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतलं किंवा गोंडीवरचं लेखन छापणारे छोटे अंक, महाविद्यालयाचे स्वतःचे वार्षिकांक हे कोणत्याही राष्ट्रीय योजनेत येत नाहीत. ते गावातल्या ग्रंथालयात नसतील तर कदाचित कुठंच नसतील.

त्यासाठी बांधणी नीट करून घ्यावी. वेळ एप्रिल-मे. तेव्हा कागद कोरडा असतो. पाऊस सुरू झाल्यावर बांधलेल्या बाडात ओल आत कोंडते. बाइंडरकडं गठ्ठा देण्याआधी अंक क्रमानं लावावेत, पानं मोजावीत, वार्षिक सूची असेल तर सर्वांत वर ठेवावी. पिना काढायला सांगाव्यात. पावसाळ्यात त्या गंजतात आणि कागदाला तांबूस भोकं पडतात. मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढू द्यायची नाहीत. त्या वर्षी बियाण्याचा, सायकलचा, वहीचा भाव काय होता हे त्या जाहिरातींतच सापडतं. घडीतून दोऱ्यानं शिवण घालायला सांगावी. बाजूनं भोकं पाडून शिवलेलं बाड पुरतं उघडत नाही, झेरॉक्ससाठी दाबलं की कणा मोडतो. कडा कापताना समास फार खाऊ नये. चिकटवायच्या लईत (खळीत) मोरचूद घालायला सांगावं, किडीला आळा बसतो. बाड दोन इंचांपेक्षा जाड नको. साप्ताहिकाची तीन-तीन महिन्यांची चार बाडं करावीत. सगळं तोंडी न सांगता प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी बांधावी: कण्यावर काय लिहायचं, कापडाचा रंग कोणता, अंक किती.

आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि पत्र्याखालची खोली भट्टी होते. जुलैत त्याच खोलीच्या भिंती ओल्या. या हेलकाव्यानं वृत्तपत्री कागद ठिसूळ होतो. बाडं पश्चिमेच्या भिंतीला नकोत. रॅक भिंतीपासून वीतभर लांब आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा, म्हणजे मागून झाडू फिरतो आणि वाळवीची मातीची नळी वेळेत दिसते. कडुलिंबाचा पाला ठेवण्यात वाईट काही नाही, पण वाळवीला तो पुरत नाही. तिचा बंदोबस्त पावसाळ्याआधी भिंतीच्या मुळाशीच करून घ्यावा लागतो.

दुर्मीळ अंकांचं स्कॅनिंग ३०० डीपीआयला करावं, मूळ चित्रं टिफमध्ये आणि वाचायची प्रत पीडीएफमध्ये. फाइलच्या नावात नियतकालिक, वर्ष, खंड, अंक याच क्रमानं यावेत. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या इमारतींत. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एन) छापील प्रत जवळ असेल तर जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायला परवानगी देतं, पण त्यात शब्द ‘अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय’ असा आहे आणि तीही जतनापुरतीच. संकेतस्थळावर टाकायचं असेल तर संपादकांची लेखी परवानगी घ्यावी.

राहिला तो न मिळालेल्या अंकांचा प्रश्न. दर मार्चमध्ये जादा प्रतींची आणि हव्या असलेल्या अंकांची अशा दोन याद्या जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकाव्यात. एकाकडचा डबल अंक दुसऱ्याचा खंड पुरा करतो. तरीही अंक मिळाला नाही तर बांधणी अडवून ठेवू नये. त्याच्या जागी तेवढ्याच जाडीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या शिवून घ्याव्यात आणि पहिल्या पट्टीवर पेन्सिलनं ‘अंक ७, जुलै, प्राप्त नाही’ असं लिहावं. पुढं कधी तो अंक हाती लागला तर बाड न उसवता त्या पट्ट्यांवरच चिकटवता येतो.